दहा नंबरचा पाना

रविवारी सकाळी अंगण झाडताना गोजराला गाडीखाली काळा डाग दिसला. तिने आधी झाडू मारून बघितला, मग बादलीभर पाणी ओतलं. पाणी डागावरून तसंच घरंगळून गेलं, तेव्हा तिने मुलाला हाक मारली. मितेश चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आला आणि वाकून बघू लागला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्स जुळतो तिथे, तेलाचा एक थेंब लोंबत होता. तो पडला, आणि थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा तयार झाला.

सोळा वर्षांची डिझेल गाडी. दुसऱ्या कुणाच्या घरी एवढंसं तेल गळलं असतं तर कुणी फार मनाला लावून घेतलं नसतं. पण सारसोळ्याच्या खाडीकाठच्या या घराचा अख्खा आठवडा त्या गाडीवर चालत होता. मितेशचा बाप कान्हा याच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन वर्ष उलटून गेलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला त्याला बेलापूरच्या सेंटरवर डायलिसिससाठी न्यावं लागे. चार तास मशीनवर, मग अर्धा तास नुसतं पडून राहणं, कारण उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

रिक्षाने जाणं शक्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जेट्टीच्या शेवाळावरून घसरून कान्हाचा खुबा मोडला होता आणि आत पट्टी घातल्यापासून उजवा पाय पुरता दुमडत नव्हता. एकदा मोबाइलवरून कॅब मागवली, तर परत येताना त्याला उलटी झाली. ड्रायव्हर काय काय बोलला ते कान्हाने घरी सांगितलं नाही. पण त्याने खांद्यावरच्या टॉवेलने स्वतः ती सीट पुसून दिली होती, हे गोजराने पाहिलं होतं. त्या दिवसापासून परक्या गाडीत बसणार नाही म्हणाला, आणि कान्हा एकदा नाही म्हणाला की नाही. उरली घरची जुनी गाडी. होडी विकल्यावर घेतलेली, पुढची सीट पार मागे सरकणारी, पाय लांब करून बसता येणारी.

गाडी चालवायला एकटा मितेश. तो तुर्भ्याच्या एका गोदामात डिस्पॅचला होता. आठवड्यातले तीन दिवस तो दुपारी एकनंतर कामावर पोचायचा. साहेबांनी सुरुवातीला समजून घेतलं, मग गप्प राहिले, मग एक लेखी ताकीद आली. गेल्या शुक्रवारी दुसरी आली. ती त्याने फक्त बायकोला, प्रियाला दाखवली. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. प्रिया सकाळी बालवाडीत शिकवायला जायची, तिलाही रजा मिळण्यासारखी नव्हती. दोघांनी बराच वेळ बोलून शेवटी काहीच ठरवलं नाही.

मंगळवारी सेंटरवरून परतताना मितेशने गाडी शिरवण्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक टॉर्च घेऊन खाली सरपटला आणि मिनिटभरात बाहेर आला. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, तेल अडवणारं मागचं सील गेलंय म्हणाला. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, पार्ट मागवावा लागेल, सोमवारपर्यंत गाडी विसरा.

कान्हा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, "ठेव इथंच."

मितेशला नवल वाटलं. या माणसाने आयुष्यात कधी मेकॅनिकवर विश्वास ठेवला नव्हता. होडीचं दोन सिलिंडरचं इंजिन चाळीस वर्षं त्याने स्वतःच्या हाताने उघडलं आणि बसवलं. ही गाडी आणल्यावरही पहिल्या दिवशी बॉनेट उघडून तासभर आत डोकं घालून उभा राहिला होता. मितेशने उद्या बघू म्हणून गाडी परत घरी आणली. गाडी सोमवारपर्यंत अडकली तर गुरुवार आणि शनिवार, दोन्ही हुकणार होते. दोन हुकले की काय होतं ते डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं.

बुधवारी त्याची सुट्टी होती. सकाळी त्याने गाडी अंगणात आडवी घेतली, जुना बर्म्युडा चढवला आणि बॉनेट उघडलं. कान्हासाठी प्लॅस्टिकची खुर्ची सावलीत टाकली. मितेशला वाटलं होतं, म्हातारा आता बसल्या जागेवरून हुकूम सोडेल. हे काढ, ते धर, असं नाय रे. लहानपणी होडीवर हेच ऐकून ऐकून त्याला इंजिनाचा वीट आला होता आणि म्हणूनच तो गोदामात कागद सांभाळायला गेला होता. पण कान्हा एक शब्द बोलला नाही. डावा हात, ज्याच्या नसेला मशीन जोडत, तो मांडीवर जपून ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"बाबा, खालून सुरू करू का वरून?" मितेशने मुद्दाम विचारलं.

"गॅरेजला दे," कान्हा म्हणाला. "तुजा काम नाय ते."

मितेशला राग आला, आणि त्या रागातच त्याला जुनी गोष्ट आठवली. तेल गळायला लागलं की कान्हा थेंब पडतो तिथे कधी शोधायचा नाही. आधी सगळं इंजिन डिझेलने पुसून लख्ख करायचा, मग गोजराच्या डब्यातलं तांदळाचं पीठ त्यावर भुरभुरायचा आणि इंजिन चालू करून बिडी ओढत बसायचा. जिथून तेल निघेल तिथलं पीठ ओलं व्हायचं. गोजरा पिठासाठी बडबड करायची, आणि हा हसायचा.

मितेशने तेच केलं. जुन्या गंजीच्या चिंध्या डिझेलमध्ये बुडवून इंजिनाचा मागचा भाग वरपासून खालपर्यंत पुसला. हात आत जात नव्हता, कोपर खरचटलं. तासाभराने धातूचा रंग दिसू लागला. मग त्याने आतून पिठाचा डबा आणला. डबा बघून कान्हाने मान दुसरीकडे वळवली.

इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. बंद करून मितेशने टॉर्च मारला. खाली, जिथे मेकॅनिकने सील गेलं म्हटलं होतं, तिथलं पीठ कोरडं, पांढरंशुभ्र. पण वर, इंजिनाच्या डोक्यावर जे टॅपेट कव्हर असतं, त्याच्या अगदी मागच्या कडेला एक पिवळट ओघळ सुटला होता. तिथून तेल पाठीमागून उतरत खाली जात होतं. सील शाबूत होतं. गिअरबॉक्स उतरवायची काही गरज नव्हती.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो एकटाच हसला. मग त्याने बोटाने कव्हरचे मागचे बोल्ट चाचपले. पहिला घट्ट. दुसरा बोटानेच फिरला. तिसराही फिरला.

हसू तिथेच राहिलं. त्याने टॉर्च जवळ नेला. इतर सगळ्या बोल्टांच्या डोक्यांवर वर्षानुवर्षांची काळी पुटं होती. या दोघांच्या कडांवर मात्र पुट निघून धातू चमकत होता. पाना लागला की पडतात तशा खुणा, ताज्या. हादऱ्यांनी सुटलेला बोल्ट असा दिसत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. मंगळवारच्या मेकॅनिकने तर बॉनेटही उघडलं नव्हतं, आणि त्याआधी चार महिन्यांत गाडी कुठल्या गॅरेजला गेली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंपैकी कुणाला बॉनेट उघडता येईल असं वाटत नव्हतं, आणि कुणाला काय पडलं होतं.

हे मग बघू, आधी बोल्ट आवळू, असं म्हणून त्याने होडीवरून आलेली पान्यांची पत्र्याची पेटी उघडली. आठ होता, बारा होता, पुढचे सगळे होते. दहा नंबरचा नव्हता. त्याने पेटी वर्तमानपत्रावर उलटी केली, एकेक पाना बाजूला लावून बघितला, गाडीच्या डिकीत शोधलं, पुन्हा पेटीपाशी आला.

"माज्या गादीखाली हाय," कान्हा म्हणाला.

मितेश उकिडवा बसला होता तसाच राहिला. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू झाला आणि बंद पडला. त्याने बापाकडे बघितलं, तेव्हा कान्हाही पहिल्यांदा त्याच्याकडे बघत होता.

"कधी केलंस?"

"शुक्रवारी रात्री. तुमी सगली झोपलेली."

"कशाला पण?"

कान्हाने ओठांवरून जीभ फिरवली. त्याला दिवसाला मोजून पाणी मिळायचं, ओठ कायम सुकलेले. "गाडी गॅरेजला गेली असती, तू कामावर गेला असतास. ती दुसरी चिठी आलीय ना तुजी. आयकला मी."

"आणि डायलिसिस?"

"ते राह्यला असता."

"राहिलं असतं म्हणजे काय, बाबा?"

मितेशचा आवाज चढला. तेल संपून भर रस्त्यात इंजिन जाम झालं असतं, ब्रेक नीट लागले नसते, मागून डंपर आला असता तर, असं तो तोंडाला येईल ते बोलत सुटला. खरं तर त्याला हे काहीच म्हणायचं नव्हतं.

"रोज सकाली इंजिनातली तेलाची पट्टी काढून बघत होतो मी," कान्हा शांतपणे म्हणाला. "सोमवारी अर्धा लिटर टाकला बी. इंजिन मरू दिला नसता मी."

तेलकट हात तसेच घेऊन मितेश फाटकाबाहेर पडला आणि जेट्टीपर्यंत चालत गेला. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. ओळखीच्या एकाने गाडीचं काय झालं म्हणून विचारलं, त्याला त्याने हाताने काहीतरी खूण केली. त्याच्या डोळ्यांसमोर सारखं एकच येत होतं. मशीनने गळून गेलेला, चक्कर येत असलेला हा माणूस रात्री अंधारात भिंत धरत धरत अंगणात आला असेल, दुमडत नसलेला पाय बाजूला टाकून बॉनेटला टेकला असेल, आणि एका हाताने ते दोन बोल्ट ढिले करत बसला असेल. किती वेळ लागला असेल. कुणी बघितलं नाही. आणि तो स्वतः आत पंख्याखाली झोपला होता. चिठ्ठीचं बोलणं स्वयंपाकघरात करायला नको होतं, असंही त्याला वाटलं. मग वाटलं, चिठ्ठी काही एकटीच कारण नसणार.

तो परतला तेव्हा कान्हा तिथेच होता. पण पाना आता त्याच्या मांडीवर होता. उठून आत जाऊन घेऊन आला होता.

"नुसता आवलून चालनार नाय," तो म्हणाला. "कवरचा पॅकिंग दबलाय. रबर कडक झाला असल. नवीन आन, नायतर महिन्याभरात परत गलेल."

मितेश बाइक काढून जुईनगरला गेला. पार्टवाल्याने गाडीचं मॉडेल विचारून आतून पॅकिंग आणि सीलंटची ट्यूब आणून दिली.

घरी आला तर गोजरा बाजारातून परतली होती. रोज आल्या आल्या ती मासळीची पाटी मोरीत धुवायची. आज पाटी दारात तशीच होती आणि ती उंबऱ्यावर बसली होती, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन. कान्हाने तिला स्वतःच सगळं सांगितलेलं होतं. मितेशला बघून ती म्हणाली, तू तुजा काम कर. मग नवऱ्याकडे वळली.

"चालीस वर्सा तू खाडीत जायचास," ती म्हणाली. "तवा मना सांगून जायचास."

ती उठून पाटी घेऊन आत गेली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कान्हाने खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं, आणि खुर्ची गाडीजवळ ओढून द्यायला मितेशला सांगितलं.

पुढचे दोन तास कान्हा बोलत राहिला. आधी वरचा हवेचा पाइप काढ. बोल्ट एका ताटलीत ठेव, कुठला कुठला ते चुकवू नको. कव्हर चिकटलं असेल तर पेचकसाने उचकटू नको, लाकडाचा ठोकळा लावून हळू ठोक. मितेश सांगेल तसं करत गेला. कव्हर निघालं. जुनं पॅकिंग हातात घेतलं तसं त्याचे तुकडे पडले, सुकवलेल्या बोंबलासारखे. खाच पुसताना पातं वापरू नको, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून तेल पुन्हा वाट काढतं. कोपऱ्यांवर सीलंट अगदी पातळ. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना थोडे थोडे.

"जोर नको. हाताला लागला की थांब."

मागच्या दोन बोल्टांपर्यंत आल्यावर मितेश थांबला. त्याने पाना बापाकडे दिला. का दिला ते त्याला सांगता आलं नसतं. कान्हाने मितेशच्या खांद्याला धरून उभं राहत उजवा हात आत घातला, चाचपून बोल्ट शोधले आणि एकेक आवळला. त्याचा श्वास लागला होता. खांद्यावरचा हात हलका होता, पोराच्या हातासारखा.

पुन्हा पीठ टाकलं, पुन्हा इंजिन चालवलं. अर्ध्या तासानेही पीठ कोरडंच होतं. दोघांनी वाकून ते बघितलं. प्रियाने जेवायला हाक मारली.

हात धुताना मितेश म्हणाला, "उद्या चल. नको असेल तर डॉक्टरांना तू सांग, तुझ्या तोंडाने. मी तिथे बसेन. पण असं चोरून नको."

कान्हाने मान हलवली.

गुरुवारी सेंटरच्या डॉक्टरीणबाईंसमोर कान्हाने सरळ विचारलं, की हे सगळं बंद केलं तर किती दिवस. बाईंनी मितेशकडे एकदा बघितलं आणि मग सरळच उत्तर दिलं. दहा दिवस, फार तर पंधरा. ते दिवस कसे जातील तेही सांगितलं. पाणी फुप्फुसात भरतं, आडवं होता येत नाही. त्यांनी भीती घातली नाही आणि धीरही दिला नाही. शेवटी एक सुचवलं, की तीनऐवजी दोन दिवस करून बघू. पाणी आणखी कमी करावं लागेल, आणि त्रास वाढला तर लगेच यायचं. कान्हा हो म्हणाला. मितेशला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची दिवसभर लाज वाटत राहिली.

गुरुवार सुटला, आणि गोदामात मितेशने साप्ताहिक सुट्टी बुधवारची मंगळवारवर घेतली. शनिवारी उशिरा यायला साहेबांनी हरकत घेतली नाही.

तीन आठवडे निभावले. पहिल्या आठवड्यात कान्हा खुशीत होता. गुरुवारी सकाळी काठी टेकत जेट्टीवर जाऊन बसला, जुन्या माणसांशी गप्पा मारून आला. दुसऱ्या आठवड्यात घोट्यावर सूज आली. तिसऱ्यात चप्पल पायात शिरेना. गोजरा विचारायची, तो ठीक हाय म्हणायचा. रात्री तो तक्क्याला टेकून बसूनच झोपतो, हे तिने मितेशला सांगितलं. मितेशने शनिवारी डॉक्टरांशी बोलू म्हणून ठरवलं.

चौथ्या गुरुवारी सकाळी सहाला मितेश कामावर जायला निघाला होता. बुटाच्या नाड्या बांधताना त्याने वर बघितलं तर कान्हा दारात उभा. शर्ट घातलेला, गुंड्या वरखाली लावलेल्या. चौकट धरून तोंडाने श्वास घेत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीतून भांड्यातलं पाणी उकळावं तसा आवाज येत होता.

"चल," तो म्हणाला. एवढंच त्याला जमलं.

गोजराला मागे बसवून मितेशने गाडी काढली. पाम बीच रोडवर त्याने जितकी पळवता येईल तितकी पळवली. कान्हा डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो काहीतरी पुटपुटला. मितेशने कान जवळ नेला.

"मना वाटला होता, सोपा असल," कान्हा म्हणाला.

मागून गोजराने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो सेंटर येईपर्यंत तिथेच ठेवला.

त्याला व्हीलचेअरवरून आत नेलं, ऑक्सिजन लावला, मशीन लावलं. तासाभराने नर्सने बाहेर येऊन सांगितलं, की धाप कमी होतेय, आता काळजी नाही. आता पुन्हा तीन दिवस, असंही ती म्हणाली. गोजरा आत नवऱ्याजवळ जाऊन बसली.

मितेश खाली पार्किंगमध्ये आला आणि त्याने साहेबांना फोन लावला. घरी काय झालं ते त्याने पहिल्यांदाच पुरतं सांगितलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी मी येऊ शकणार नाही, दुपारनंतर रात्री म्हणाल तितका वेळ थांबेन, आणि ते चालणार नसेल तर तसं आजच सांगा, म्हणाला. एवढं सलग तो साहेबांशी कधी बोलला नव्हता. मग साहेब म्हणाले, वर विचारून संध्याकाळी कळवतो.

फोन ठेवून तो गाडीत बसला. वर मशीन अजून तीन तास चालणार होतं.